फासा पडण्याआधी

वाचकहो, सुट्टी लागली आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी पोरांनी कोऱ्या वहीत एक खेळ मांडला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसे व्हायचे. अडचण आली की दोन फासे टाकायचे. बेरीज आठ किंवा वर गेली तर काम फत्ते!

आम्हाला कौतुक वाटले. पण पुढचा नियम वाचून थबकलो. महालात जन्मलेल्याला बुद्धीचे दोन गुण जादा, झोपडीत जन्मलेल्याचा एक गुण वजा. धाकट्याने झोपडीची चिठ्ठी आपणहून उचलली होती.

"का रे बाबा?"

"पप्पा, आपले आजोबा झोपडीतच जन्मले ना?"

काय बोलणार? थोरलीला जवळ बसवून हिशेब मांडला. दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. काही जादा-वजा नसेल तर त्यांतल्या १५ वेळा काम होते. महालवाल्याचे २६ वेळा होते, झोपडीवाल्याचे फक्त १० वेळा. म्हणजे फासा हातात घेण्याआधीच निकाल निम्मा लागलेला!

ही चूक एकट्या पोरांची नव्हे. अशा खेळांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. त्याच्या २००० सालच्या नियमांत 'अर्ध-ऑर्क' कुळात जन्मलेल्याचे बुद्धीचे दोन गुण जन्मतःच कापले जात. २०१४ च्या पुस्तकात ही वजाबाकी नव्हती, तरी जादा गुण कुळावरच मिळत. २०२४ च्या पुस्तकात ते कुळावरून काढले. पात्राने आधी काय काम केले, काय शिकले, यावर ते आले. खेळातला जन्माचा हिशेब पुसायलाही पन्नास वर्षे लागली!

संध्याकाळी पोरांनीच नियम बदलला. प्रत्येकाला सारखे तीन गुण. बळ, बुद्धी आणि बोलणे यांत ज्याचे त्याने वाटायचे. एक गोष्ट पार पडली की शिकल्याचा एक गुण वाढवायचा. फासा मात्र राहू दिला, कारण नशिबाची थोडी गंमत हवीच.

मायबहिणींनो, तुमच्याही पोरांना एक वही आणि दोन फासे द्या. खेळ त्यांचा त्यांना रचू द्या. फक्त फासा पडण्याआधी कोणाला किती दिले, तेवढे एकदा वाचून पाहा.

आमच्या धाकट्याने दोन गुण बुद्धीत टाकले. झोपडी तीच ठेवली. आता त्याचेही ३६ पैकी २६!

जयभीम.