जुना मिनी ट्रॅक्टर : दुरुस्ती, नवा पार्ट की नवा ट्रॅक्टर? जीएसटी कपातीनंतरचा हिशेब समजून घ्या

उमरखेड : हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की उमरखेड तालुक्यात पुढच्या हंगामाआधी थोडी उसंत मिळते. जुने मिनी ट्रॅक्टर याच दिवसांत गॅरेजच्या दारात येऊन उभे राहतात. कुणाचा क्लच घसरतोय, कुणाची लिफ्ट खाली बसतेय, कुणाच्या इंजिनातून निळा धूर निघतोय. मेकॅनिक म्हणतो, इंजिनचे काम काढावे लागेल. शोरूमचा फलक सांगतो, जीएसटी घटला, आता नवाच घ्या. मृग तोंडावर असताना शेतकऱ्याला या दोघांमधून निवड करायची असते.

जीएसटी घटला हे खरे आहे. मात्र ही कपात नव्या ट्रॅक्टरपेक्षा जुन्याच्या सुट्या भागांवर अधिक झाली आहे. त्यामुळे ‘नवा घ्या’ या सल्ल्याआधी कागदावर थोडी आकडेमोड करणे गरजेचे आहे.

जीएसटीत नेमके काय बदलले?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टरवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे मागचे टायर-ट्यूब, हायड्रॉलिक पंप, क्लच असेंब्ली, ब्रेक असेंब्ली, गिअरबॉक्स, ट्रान्समिशन हाउसिंग, रेडिएटर, सायलेन्सर, डिझेल टाकी अशा अनेक भागांवर 18 टक्के कर होता, तोही 5 टक्के झाला.

कपात लागू होण्याआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने सांगितलेल्या आकड्यांनुसार 35 एचपीचा ट्रॅक्टर सुमारे 41 हजार रुपयांनी आणि 45 एचपीचा 45 हजारांनी स्वस्त होणार होता. 13 एचपीच्या पॉवर टिलरमध्ये 11 हजार 875 रुपयांचा फरक सांगण्यात आला होता.

मग जास्त फायदा कशात?

समजा, मिनी ट्रॅक्टरची करापूर्वीची किंमत 4 लाख रुपये आहे. आधी तो 4 लाख 48 हजारांना पडत होता, आता 4 लाख 20 हजारांना पडेल. बचत 28 हजार, म्हणजे सव्वासहा टक्के.

आता समजा, क्लच असेंब्लीची करापूर्वीची किंमत 10 हजार आहे. आधी 11 हजार 800 मोजावे लागत, आता 10 हजार 500. बचत 11 टक्के. शेतकऱ्याला भरलेला जीएसटी परत मिळत नाही, त्यामुळे हा फरक थेट त्याच्या खिशातला आहे.

नवा ट्रॅक्टर बहुतेक वेळा कर्जावर येतो. वरच्या उदाहरणात 1 लाख 5 हजार रोख भरले आणि उरलेल्या 3 लाख 15 हजारांचे कर्ज 12 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर सहामाही हप्ता सुमारे 42 हजार 800 रुपये येतो. असे दहा हप्ते भरताना व्याजापोटी सुमारे 1 लाख 13 हजार रुपये जातात. करात वाचले 28 हजार, व्याजात गेले त्याच्या चौपट. नवा ट्रॅक्टर घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. पण केवळ ‘कर कमी झाला’ हे तो घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

मिनी ट्रॅक्टरच का?

कपाशीच्या दोन ओळींतून डवरणी करायची, हळदीच्या बेडमधून जायचे किंवा बागेत फवारणी करायची, तर मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही. 15 ते 20 एचपीचा अरुंद ट्रॅक्टर तिथे चालतो. महिंद्रा युवराज 215, स्वराज 717, व्हीएसटी शक्ती एमटी 180डी ही या गटातली ओळखीची नावे. जुना मिनी विकून मोठा सेकंडहँड घेतला, तर ताकद मिळते, पण डवरणीसाठी पुन्हा बैलजोडी किंवा भाड्याचे यंत्र शोधावे लागते.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने 2012 मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांसाठी 9 ते 18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची योजना आणली. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार रुपयांपर्यंत अनुदान असे त्याचे स्वरूप होते. त्या सुरुवातीच्या वर्षांत मिळालेली यंत्रे आता दहा वर्षांपलीकडे गेली आहेत. अनुदान खरेदीला होते, दुरुस्तीला नाही. त्यामुळे गटाच्या खात्यात दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडली की नाही, यावर आज ते यंत्र शेतात आहे की शेडमध्ये, हे ठरते.

कोणता पार्ट बदलावा, कोणता दुरुस्त करावा?

साधा नियम असा : जो भाग झिजण्यासाठीच बनवला आहे, तो बदलावा. जो भाग आधार देण्यासाठी बनवला आहे, तो तपासून मग ठरवावे.

- थेट बदला : ऑइल सील, ओ-रिंग, फिल्टर, फॅन बेल्ट, होज पाइप, ब्रेक लायनर, क्लच प्लेट. यांची डागडुजी एखादा हंगामही टिकेल याची खात्री नसते.
- दुरुस्ती चालते : पिन, बुश, लिंकेज, हूक, सीटचा सांगाडा, पत्रा. लेथ आणि वेल्डिंगवर ही कामे उमरखेड-पुसदसारख्या गावांत होतात.
- तपासून ठरवा : डिझेल पंप, नोझल, रेडिएटर, क्रँकशाफ्ट. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर लावल्याशिवाय बदलू नयेत. रेडिएटरची एखादी गळती झाळून बंद होते, पण आतून गाळ धरला असेल तर कोअर किंवा पूर्ण रेडिएटर बदलणे परवडते. क्रँकशाफ्ट ठरलेल्या मापापर्यंत घासून अंडरसाइज बेअरिंग बसवता येते. ते माप आधीच संपले असेल, तर नवाच लागतो.
- जुगाड नको : गिअरबॉक्स किंवा क्लच हाउसिंगची बीड फुटली असेल, तर तिच्यावरचे वेल्डिंग भरवशाचे नसते. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या भागांतही तडजोड नको. शेतातून रस्त्यावर आल्यावर तो जिवाचा प्रश्न होतो.

मजुरीही लक्षात घ्यावी. क्लच प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. प्लेट स्वस्त असते, खोलण्या-जोडण्याची मजुरी जड असते. म्हणून ट्रॅक्टर उघडलाच आहे, तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलावे. शंभर-दोनशे रुपयांचे सील वाचवले आणि ते ऐन पेरणीत गळू लागले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते आणि वाफसा निघून जातो.

इंजिनचे काम काढण्याआधी काय पाहावे?

धुराचा रंग बरेच सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर, मग नोझल पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह सीलची शक्यता. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे. हेड गॅस्केट तपासावे.

इंजिन चालू असताना ब्रीदरमधून जोराने वाफ आणि ऑइल बाहेर येत असेल, तर पिस्टन-लायनर झिजले असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. पैनगंगेच्या काठी पुराच्या पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर ऑइल पाहिल्याशिवाय सुरूच करू नये. गिअर ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे सापडले, तर काम इंजिनपुरते राहणार नाही.

सिलिंडर किती, हेही पाहावे. युवराज 215 आणि स्वराज 717 एक सिलिंडरचे आहेत, एमटी 180डी तीन सिलिंडरचा. एका पिस्टन-लायनर सेटचे काम आणि तीन सेटचे काम यांचे बिल सारखे येत नाही. शेजाऱ्याच्या खर्चावरून आपला अंदाज बांधू नये.

नवा ट्रॅक्टर कधी घ्यावा?

दुरुस्तीचा खर्च ट्रॅक्टरच्या आजच्या विक्री किमतीच्या निम्म्यावर गेला की तो विकावा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो अपुरा आहे. प्रश्न जुन्याची किंमत किती, एवढाच नसतो; तेच काम दुसऱ्या मार्गाने करायला किती लागेल, हाही असतो.

समजा, इंजिनचे काम 60 हजारांचे आहे आणि त्यानंतर ट्रॅक्टर चार वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला 15 हजार. घरच्या शेतीची तीच कामे भाड्याने करून घ्यायला वर्षाला 25 हजार लागत असतील, तर दुरुस्ती परवडते. 12 हजारांत होत असतील, तर दुरुस्ती आणि नवी खरेदी दोन्ही टाळून भाड्याचे यंत्र बरे. नवा ट्रॅक्टर पुढील परिस्थितीत योग्य ठरतो :

- इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकाच वेळी कामाला आले आहेत.
- मॉडेल बंद झाले असून पार्टसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते.
- शेती किंवा भाड्याची कामे वाढली असून जुन्याची ताकद पुरत नाही.

अनुदानावर घ्यायचा असेल, तर कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महाडीबीटीवर अर्ज करता येतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, तेही ठरवलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये, अनुदान हातचे जाते. बचत गटाने जुना ट्रॅक्टर विकण्याआधी योजनेच्या हमीपत्रातील विक्रीविषयीची अट वाचावी.

10 वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात द्यावा लागतो का?

नाही. समाजमाध्यमांवर हा मजकूर फिरत राहतो, पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तो चुकीचा असल्याचे स्पष्ट केले आहे. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. 2013 मध्ये नोंदवलेल्या ट्रॅक्टरची मुदत 2028 मध्ये संपेल. तेव्हा ब्रेक, दिवे, टायर चांगले लागतील, हे आजच्या दुरुस्तीच्या यादीत धरलेले बरे.

बिल घेताना काय पाहावे?

ट्रॅक्टरचे अनेक पार्ट 5 टक्क्यांत बसतात. इंजिन ऑइल, बॅटरी आणि सर्वसाधारण वापराच्या बेअरिंगवर 18 टक्के लागतो. त्यामुळे एकाच बिलात दोन दर दिसू शकतात. 5 टक्क्यांच्या पार्टवर 18 टक्के लावला असेल, तर तिथेच विचारावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. त्यामुळे छोट्या गॅरेजच्या मजुरीवर करकपातीचा परिणाम दिसणार नाही.

शेती अवजारांचा समावेश केंद्र सरकारच्या डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्येही आहे. उत्पादक कंपन्यांची सेवा, वॉरंटी आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा उद्देश. गॅरेजमध्ये जाण्याआधी मोबाइलवर तेवढे पाहून घ्यावे.

थोडक्यात : आधी तपासणी, मग पार्टनिहाय लेखी अंदाज, मग वर्षाचा हिशेब. इंजिन किंवा गिअरबॉक्स यांपैकी एक धड असेल, पार्ट मिळत असतील आणि काम ओळीतल्या मशागतीचे असेल, तर आजच्या दरात जुन्याला नवे पार्ट घालणे बहुतेकदा स्वस्त पडते. फक्त हा निर्णय मृगाच्या आधी व्हायला हवा. पहिला पाऊस पडल्यावर मेकॅनिकच्या दारात रांग लागते, आणि तेव्हा मिळेल तो पार्ट, सांगेल ती मजुरी मान्य करावी लागते.