खाटा आल्या, हात कुठे आहेत?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं एकामागून एक नागपूरला आणली जात होती. 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडं निकामी केली होती. वीसहून अधिक मुलं दगावली. कंपनी, औषध तपासणी आणि औषध लिहून देणारे डॉक्टर यांच्यावर भरपूर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण डायलिसिस आणि व्हेंटिलेटरसाठी चार वर्षांच्या मुलाला सव्वाशे किलोमीटरहून लांब का न्यावं लागतं, हा प्रश्न बातम्यांच्या तळाशीच राहिला.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू कक्ष 28 दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी असतो. केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे व्हेंटिलेटर आणि मोठी शस्त्रक्रिया सोडून बाकीचे उपचार व्हावेत, अशी रचना आहे. म्हणजे ज्या बाळाला या दोन गोष्टी लागतील, ते बाळ पुढे जाणार हे कागदावरच ठरलेलं आहे. महिन्याभरापेक्षा मोठ्या मुलाला तर हा कक्षही नाही. भामरागडच्या मुलासाठी 'पुढे' म्हणजे आधी गडचिरोली, मग नागपूर.

जुलै 2021 मध्ये, कोरोनाची तिसरी लाट मुलांवर येईल या भीतीने, केंद्राने 23,123 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात देशातल्या सर्व 736 जिल्ह्यांत बालरुग्ण कक्ष उभारायचे होते. वाढणाऱ्या अतिदक्षता खाटांपैकी 20 टक्के मुलांसाठी होत्या. खाट, मॉनिटर, व्हेंटिलेटर एकदा खरेदी करता येतात. रात्री तीन वाजता त्या खाटेजवळ उभी राहणारी परिचारिका मात्र खरेदी होत नाही. तिचं पद मंजूर करून दर महिन्याला पगार द्यावा लागतो. उद्‌घाटनाची फीत खाटेला बांधता येते, पदाला नाही.

भुलेचंही तसंच आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण अडीचशे मिलिलीटर रक्त असतं. मोठ्यांच्या दृष्टीने किरकोळ असलेला रक्तस्राव त्याच्यासाठी जिवावरचा ठरतो. वजनाच्या हिशेबाने त्याला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो, त्यामुळे श्वास थांबला तर हाताशी फार थोडा वेळ उरतो. श्वासनलिका अरुंद, औषधाचा डोस ग्रॅममधल्या वजनावर, आणि शस्त्रक्रियागृहाच्या गारव्यात अंग झपाट्याने थंड पडणारं. एखादं बाळ गुदद्वाराविना जन्मतं. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ असला तरी त्याचा हात मुख्यतः सिझेरियनवर बसलेला असतो. इतक्या लहान बाळाला भूल द्यायला तो कचरला, तर त्याला दोष देता येणार नाही. मग चिठ्ठीवर 'रेफर' लिहिलं जातं.

या चिठ्ठ्या शेवटी जिथे जमा होतात, तिथलं चित्र नांदेडने दाखवलं. 2023 च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यात 12 नवजात बाळं होती. बरीच बाळं बाहेरून, उशिरा आणि अत्यवस्थ होऊन आली होती, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. उपाय काय झाला? एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. त्या खासदारावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कुणाच्या हाती झाडू द्यायचा, हे या समाजाला संकटातही बरोबर सुचतं. नवजात कक्षात त्या रात्री किती परिचारिका होत्या, हा प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला.

तो आता आपल्या तरुणांनी विचारावा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. 'सोयी काय आहेत' असं मोघम विचारू नका, यादी येईल. बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती. मागच्या महिन्याच्या रात्रपाळीचा ड्यूटी तक्ता. वर्षभरात 12 वर्षांखालची किती मुलं कुठे आणि कोणत्या कारणाने रेफर झाली. 2021 नंतर आलेल्या मुलांच्या व्हेंटिलेटरपैकी किती वापरात आहेत. उत्तर आलं की ते रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडा आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या.