कुलूप कशाचं?

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका पोराशी माझं चांगलंच वाजलं. पोरगा हुशार आहे, मेहनती आहे, पण त्या दिवशी त्याने जे वाक्य टाकलं त्याने माझं डोकंच फिरलं. "सर, तिथे एक म्युटेक्स टाकलाय. आता क्रॅश येत नाही."

येत नाही?? अरे बाबा, रोज येत होता तो आता महिन्यातून एकदा येईल, तोही गिऱ्हाइकाकडे, रात्री दोन वाजता. याला दुरुस्ती म्हणायचं?

थांबा. हा ब्लॉग आमच्या घरची मंडळीही वाचतात (काका, कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), तेव्हा दोन शब्द त्यांच्यासाठी. आपल्या जुन्या वाड्यातलं सामाईक न्हाणीघर आठवा. आत जाणाऱ्याने कडी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. बाकीच्यांनी दाराशी ताटकळत न बसता खुशाल आडवं व्हावं, मोकळं झालं की हाक मारतात. हाच म्युटेक्स. दारातच एका पायावर नाचत उभं राहायचं असेल तर तो स्पिनलॉक. आणि इंटरप्ट नावाच्या पाहुण्याला झोपायची परवानगीच नाही, म्हणून त्याच्या वाटेवर म्युटेक्स चालत नाही. एवढं पुरे.

आता समजा त्या न्हाणीघराला दोन दारं आहेत आणि कडी फक्त पुढच्या दाराला. आमच्या पोराने नेमकं हेच केलं होतं. ड्रायव्हरमधली एक यादी वाचणाऱ्या फंक्शनभोवती त्याने म्युटेक्स घातला. पण डिव्हाइस रीसेट करणारं फंक्शन दुसऱ्याच फाईलमध्ये, आणि ते तीच यादी बिनधास्त रिकामी करतं. मागच्या दाराने! मी विचारलं, "हा म्युटेक्स कशासाठी?" तो म्हणाला, "या फंक्शनसाठी." इथेच सगळं चुकलं. कुलूप फंक्शनला नसतं हो, मालाला असतं. यादीला असतं. आणि त्या यादीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ते लागू असतं, नाहीतर कुणालाच नसतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर केवढा तळतळाट! पण या आळसाची किंमत किती असते ते लिनक्सच्या इतिहासातच आहे. १९९६ साली लिनक्स २.० आलं, एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायला लागलं, आणि सोय म्हणून सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावलं गेलं. बिग कर्नल लॉक. एका वेळी एकच प्रोसेसर आत. त्या काळी ते बरोबरच होतं, दोन प्रोसेसरांचं मशीनसुद्धा तेव्हा चैन होती. पण ते कुलूप कशाचं, याचं उत्तर 'सगळ्याचं' असं होतं, म्हणजे व्यवहारात कशाचंच नाही. त्यात आणखी गंमत, ते हातात असताना कोणी झोपला तर कुलूप आपोआप सुटायचं आणि जागा झाला की परत लागायचं. त्यामुळे मधल्या वेळात कोण काय बदलून गेलं याचा पत्ता नाही.

ते काढायला २०११ उजाडलं. पंधरा वर्षं! शेवटचा घाव आर्न्ड बर्गमन यांनी घातला, २.६.३९ मध्ये. कुलूप काढणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याच्या भरवशावर कोण कोण जगतंय हे शोधणं, कारण कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. कितीतरी ड्रायव्हरांच्या बाबतीत शेवटी जुन्या कुलपाच्या जागी त्या-त्या ड्रायव्हरचा एक खाजगी म्युटेक्स बसवून पुढे जावं लागलं. मोठ्या अज्ञानाची लहान लहान पाकिटं. मी त्यांना नावं ठेवत नाही, हजारो फाईली समोर असताना मीही तेच केलं असतं. पण आपण आज, कोऱ्या फाईलमध्ये, स्वतःच्या हाताने तसलं पाकीट का बांधायचं?

"आधी चालू दे, मग नीट करू" हा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. मोठं, ढोबळ कुलूप लावा, माझी ना नाही. हळू चालेल, चालू दे. पण ते कोणत्या डेटाचं आहे हे त्याच्या डोक्यावर एका ओळीत लिहा. ही ओळ लिहिता येत नसेल तर तुम्हाला रोगच कळलेला नाही, आणि औषध मात्र देऊन बसलात.

दुसरा युक्तिवाद, "लॉकडेप आहे ना!" आहे, २००६ पासून आहे, आणि झकास आहे. एका जावेने पाटा धरून ठेवला, दुसरीने वरवंटा, आणि दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या, असला घोळ तो बरोबर पकडतो. पण चटणी कुणाची होती हे त्याला कसं कळणार? कर्नलचं ते चेकपॅच नावाचं खडूस स्क्रिप्टसुद्धा कडक तपासणीत म्युटेक्सवर शेरा नसला की कुरकुरतं. त्यावर आमचे महाभाग काय लिहितात? 'डेटाच्या रक्षणासाठी.' धन्य!

डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला दार उघडलं. तिच्यात म्युटेक्स डेटाभोवतीच गुंडाळलेला असतो, कुलूप उघडल्याशिवाय साध्या मार्गाने माल हाती लागतच नाही. मला त्या भाषेचं फार प्रेम नाही, कंपायलरशी भांडून जीव जातो. पण ही एक गोष्ट तिने बरोबर ओळखली. आमचा ड्रायव्हर मात्र सी मध्येच आहे, त्यामुळे शिस्त आपली आपणच पाळायची.

असो. पॅच मी परत पाठवला. दोन दिवस पोरगा बोलत नव्हता. काल संध्याकाळी आला, हातात कागद. त्या यादीला हात लावणाऱ्या जागा त्याने शोधून लिहिल्या होत्या. पाच निघाल्या. मला तीनच माहीत होत्या.