घरच्या माणसाचा रोज कोण धरतो?



बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या बैठकीत खता-बियाण्यांबरोबर कॉलेजचाही विषय निघतो. "मुलीने बी.ए.ला अर्थशास्त्र घ्यायचे म्हटले आहे. त्यात म्हणे मजुरीचा एक पेपर असतो. मजुरीत आमचा जन्म गेला, ती शिकायला फी कशाला भरायची?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचेच उत्तर पाहू.

या विषयाला श्रमाचे अर्थशास्त्र म्हणतात. पदवीला तो कुठे स्वतंत्र पेपर असतो, कुठे दोन-चार प्रकरणांपुरता. मजुरीचा दर कशावर ठरतो, बाईला रोज कमी का, माणूस गाव सोडून शहरात का जातो, असे प्रश्न त्यात असतात. म्हणजे प्रश्न आपल्या बांधावरचेच. आपण ते पारावर बोलून सोडून देतो, तिथे ते आकडे मांडून सोडवायला शिकवतात.

मजुरीच्या दराचेच पाहा. सोयाबीनच्या काढणीला दर चढला की "मजूर माजले" म्हणून आपण मोकळे होतो. पुस्तक सांगते की श्रमाची मागणी पिकाच्या मागे येते. सगळ्या शिवाराचे सोयाबीन एकाच आठवड्यात वाळते, वर पावसाची धास्ती. कामे एकदम वाढतात, हात मात्र तेवढेच. तेच हात उन्हाळ्यात रिकामे बसतात. त्याला हंगामी बेकारी म्हणतात. आठ दिवसांच्या चढ्या दरावर मजुराला वर्षाचे पोट भरायचे असते, हे ध्यानात आले की भांडण निम्मे मिटते.

या विषयातला एक मोठा धडा तर आपल्या महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग मांडला. १९७२ च्या दुष्काळात त्याचे मोल सर्वांना पटले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी पैसा उभा करायला नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला. हमीच्या कामाने शेतमजुरीचा दर वाढतो का, यावर अर्थशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. विद्यार्थ्याला दोन्ही बाजू तपासायला शिकवतात. गावात बसून एकाच बाजूने बोलणाऱ्या आपल्याला ती सवय उपयोगी पडेल.

आता तुमच्या घरचा हिशेब घेऊ. समजा, एक एकर सोयाबीनचे २८,००० रुपये आले. बी, खत, औषध, नांगरट, बाहेरचे मजूर आणि मळणी मिळून रोख खर्च १८,००० झाला. आपण म्हणतो, "दहा हजार सुटले." पण घरच्या तिघांनी मिळून २५ दिवस राबून कोळपणी, खुरपणी, फवारणी, काढणी केली. गावात सरासरी रोज ४०० रुपये असेल, तर २५ दिवसांचे १०,००० होतात. म्हणजे सुटले ते तुमच्या अंगमेहनतीचे. जमिनीचे आणि गुंतवलेल्या पैशाचे काहीच सुटले नाही. माल २६,००० ला गेला असता तर रोज पडला असता ३२० रुपये, शेजारच्या बांधावरच्या मजुरापेक्षाही कमी!

इथे एक बारकावा आहे. त्या दिवशी दुसरीकडे काम मिळत असेल तरच घरच्या माणसाचा रोज पुरा ४०० धरावा. याला वैकल्पिक खर्च म्हणतात, म्हणजे हे काम केल्यामुळे हुकलेली कमाई. रिकाम्या दिवसांत ती कमी असते. म्हणून दूध, कोंबड्या, थोडा भाजीपाला अशी घरच्या हातांची कामे मंदीच्या महिन्यांत बसवावीत. ऐन सुगीत यंत्राचे भाडे आणि मजुरी यांची तुलना करूनच काय ते ठरवावे.

सरकारी हिशेबातही हा प्रश्न आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग रोख खर्चात घरच्या श्रमाचे मोल मिळवून एक आकडा काढतो. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरले की दुसरा, मोठा आकडा येतो. २०१८ साली केंद्र सरकारने दीडपट हमीभाव जाहीर केला, तो पहिल्या आकड्यावर. दुसरा धरावा, ही शेतकरी संघटनांची मागणी आहे. ज्याने आपले दिवसच मोजले नाहीत, त्याने या वादात बोलायचे कशाच्या बळावर?

घरातल्या बाईचे दिवस तर सर्वांत कमी मोजले जातात. अमेरिकेत क्लॉडिया गोल्डिन यांनी सुमारे २०० वर्षांची कागदपत्रे तपासली. शेतात राबणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून नुसते 'पत्नी' असे लिहिलेले होते! या अभ्यासासाठी त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे खानेसुमारीवाला आला की "घरकाम करते" असे सांगणारे आपणच असतो.

आणखी एका माणसाचे नाव सांगतो, थिओडोर शुल्ट्झ. अमेरिकेतल्या साउथ डाकोटाच्या शेतकऱ्याचा हा थोरला मुलगा. शिकला तर शेतीत राहणार नाही, म्हणून वडिलांनी त्याला आठवीतच शाळेतून काढले. पुढे तो कृषी महाविद्यालयात गेला आणि अर्थशास्त्रज्ञ झाला. माणसाच्या शिक्षणावर केलेला खर्च हीसुद्धा गुंतवणूकच, हे त्याने मांडले. १९७९ चे नोबेल त्याला विभागून मिळाले. सुगीत मुलीचे कॉलेज बुडवून एक रोज वाचवताना त्याची आठवण ठेवावी.

नुसत्या या पेपरावर नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगतो. एम.ए. करावे लागते, आणि गणित व संख्याशास्त्राला घाबरून चालत नाही. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून अर्थशास्त्राचे काम करते. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेत श्रमविषयक पदव्युत्तर शिक्षण मिळते. बँका, स्पर्धा परीक्षा, सर्वेक्षणाची कामे इथेही हा पाया उपयोगी पडतो.

या हंगामात एवढे करा. एक वही घ्या आणि तारीख, पीक, काम, कोण, किती तास, असे पाच रकाने आखा. आठ तासांचा एक दिवस धरा. आई, सून, म्हातारा, सुट्टीत आलेला मुलगा, सर्वांची नोंद रोज संध्याकाळी झाली पाहिजे. वही कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हाती द्या, आणि मळणी झाली की तिच्याकडून हिशेब समजून घ्या. कोणत्या पिकाने घरच्या माणसाला किती रोज दिला, हे पाहूनच पुढच्या वर्षीचे पीक ठरवा.