पागोळ्यांच्या आधीची आवराआवर
थंड देशांतला मधपाळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पेट्या आवरायला घेतो. पुढचे काही महिने माश्या एकमेकींना बिलगून, साठवलेला मध खात ऊब धरणार असतात. आपल्या महाबळेश्वरात हीच लगबग मेअखेर चालते, कारण इथला उपासाचा हंगाम हिवाळा नव्हे, पावसाळा. जांभळाचा मध काढून होतो न होतो तोच आभाळ भरून येतं, आणि मग वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा तो पाऊस! झाडावर फूल असलं तरी माशीला बाहेर पडायची सोय नाही. म्हणून शहाणा मधपाळ शेवटच्या काढणीत हात आखडता घेतो. सगळा मध ओरबाडून मागाहून साखरेचा पाक पाजायचा, हा मला तरी कोडगेपणा वाटतो. पण पाक द्यावाच लागला तर संध्याकाळी, आणि थेंबही बाहेर न सांडता. नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून ठेवायची, कारण मेणकिडा तिथंच घुसतो. दार अरुंद करायचं, मुंग्यांसाठी पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. एवढं करूनही आपल्या इथल्या सातेरी माशीचा भरवसा नाही. उपासमार झाली तर ती मरणाची वाट बघत बसत नाही, राणीसकट पेटी सोडून सरळ चालू लागते. आणि नेमकं ते पावसाळा सरताना भरभरून मध देणारी कारवी फुलण्याचं, म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा येणारं साल असलं, तर मधपाळाने कपाळाला हात लावायचा.