गुंडाचा रोल आपल्याच पोराला का?

पिस्तूल प्लास्टिकचं चालतं. गाडी मागून आणता येते. गॉगल फुटपाथवर मिळतो. चेहरा मात्र खरा लागतो, आणि तो हुडकत कॅमेरेवाले आपल्याच वस्तीत येतात.

विंझरला हे डोळ्यांनी पाहिलं. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना मार्गासनीच्या पुढं हे गाव. राजगड-तोरण्याचा मुलूख. पुण्याची विद्यार्थी मंडळी तिथं गँगस्टर पिक्चरच्या ट्रेलरचे सीन घेत होती. पिक्चर अजून नाहीच. आधी ट्रेलर काढायचा, तो दाखवून पैसे उभे करायचे. भाई झाला बड्या घरचा पोरगा. त्याला डायलॉग, त्याला रडणारी आई, त्याला सूडाचं कारण. आपल्या वस्तीतल्या तिघांना काय? कोयता धरायचा, गुरकायचं आणि पहिल्या गोळीला आडवं व्हायचं. ‘याच्या तोंडावरच गुंड लिहिलाय,’ असं दिग्दर्शक म्हणाला. कौतुकानं म्हणाला, म्हणून जास्त झोंबलं.

मी गोदीत माल उचलतो. पडद्यावर हमाल आला की डोळे फाडून बघतो. 1975 चा ‘दीवार’ घ्या. विजय गोदीतला हमाल. हप्ता घेणाऱ्यांना गोदामात कोंडून झोडपतो. पब्लिकनं थिएटर डोक्यावर घेतलं. पण ह्याच विजयचा बाप खाणकामगारांच्या युनियनचा पुढारी असतो, आणि मालक बायकापोरांच्या जिवाची धमकी देऊन त्याची सही घेतो. सुरवातीला युनियन आणि शेवटी पिस्तूल. मधल्या मधे कामगारांची एकजूट कुठं गेली? सगळ्या हमालांचा प्रश्न एका हिरोच्या मुठीत कोंबला की मालक सुटला.

2018 चा ‘मुळशी पॅटर्न’ तर वेल्ह्याच्या शेजारच्या तालुक्याचा. जमीन विकली, पैसा उडाला, बाप देशोधडीला लागला, पोरगं गुन्हेगार झालं. हे दुःख खरं आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण सातबाऱ्यावर ज्याचं नावच नव्हतं त्याचं काय? महाराची जमीन वतनाची, म्हणजे गावानं रात्री-अपरात्री राबवून घेण्याच्या बदल्यातली. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. कायद्यानं ती वतनं रद्द व्हायला 1958 साल उजाडलं. ह्या तीस वर्षांवर कुणी ट्रेलर काढलाय? गुंठ्याला सोन्याचा भाव आला तेव्हा आपल्यातल्या कित्येकांकडं विकायला फक्त अंगातलं बळ होतं. ते आपण पुण्यात, मुंबईत, गोदीत विकलं. आजही विकतोय.

आणि गुंड कोण, हे ठरवतो कोण? इंग्रजांनी 1871 चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला. पोलिसाच्या नजरेतून पुसला का? 10 जानेवारी 1974 ला मुंबईत पँथरच्या मोर्चावर दगड पडले, भागवत जाधव मारला गेला. मेला तो आपला. आणि गुंड म्हणून बदनाम झाली तीही आपलीच पोरं.

म्हणून विंझरच्या रस्त्यावरचं खोटं पिस्तूल मला खेळ वाटत नाही. कॅमेरा बंद झाल्यावर ते बड्या घरच्या पोराच्या हातात दिसलं तर नाटक, आपल्या पोराच्या हातात दिसलं तर चौकी. शिवाय ती क्लिप मोबाईलवरनं गावभर फिरते. उद्या हा कामाला गेला, साक्षीला उभा राहिला, तर क्लिप त्याच्या आधी पोचलेली असते.

मग काय, कॅमेऱ्यापुढं उभंच राहायचं नाही? राहायचं! नागराज मंजुळेची ‘पिस्तुल्या’सुद्धा विद्यार्थ्यानंच केलेली फिल्म. नावात पिस्तूल आहे, पण आतलं पोरगं शाळेसाठी तडफडतंय. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘फँड्री’ आला. त्यातल्या जब्यानं भिरकावलेला दगड सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. हजार ट्रेलरमधल्या कोयत्यांना ते जमलेलं नाही.

तेव्हा दोस्तहो, कुणी रोल घेऊन आलं तर तोंड उघडून विचारा. माझ्या पात्राला नाव आहे का? मी कोयता का धरलाय, ते पिक्चरात येणार का? दिवसाची मजुरी किती? क्लिप कुठं कुठं जाणार? उत्तर नसेल तर कोयता खाली ठेवा आणि स्वतःचा मोबाईल काढा. वस्तीतल्या म्हाताऱ्याला गाठा. वतनाची जमीन कुठं होती, आज ती कुणाच्या नावावर आहे, कशी गेली, ते त्याला सांगू द्या. मधे तोडू नका. गुंड कुठं बसलाय ते तो बोटानं दाखवील.