भूल देण्याआधी विचारा

डिलाईल रोडच्या चाळींतून शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण बहुधा परळच्या केईएममध्ये नाहीतर मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात पोहोचतो. दोन्ही पालिकेची रुग्णालये, दोन्हींना वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली. खाटेभोवती विद्यार्थ्यांचा घोळका हे अशा ठिकाणचे नेहमीचे दृश्य. डॉक्टर रुग्ण तपासूनच घडतो, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो रुग्ण भुलीखाली असतानाचा.

भुलीत स्नायू सैल पडतात. जागेपणी दुखण्यामुळे किंवा संकोचाने नीट न समजणारी ओटीपोटातील गाठ तेव्हा हाताला लागते. त्यामुळे योनिमार्गाची किंवा गुदद्वाराची भुलीखालील तपासणी काही वेळा उपचारासाठी गरजेचीच असते. मात्र त्यानंतर दोन-तीन विद्यार्थ्यांनी निव्वळ शिकण्यासाठी तीच तपासणी केली, तर त्यात रुग्णाचा लाभ काही नसतो. शस्त्रक्रियेच्या कागदावरची सही त्यासाठी पुरेशी मानता येणार नाही.

संमतीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केली आहे. दिल्लीतील ४४ वर्षांच्या या महिलेची १९९५ मध्ये दुर्बिणीतून तपासणी व्हायची होती. ती बेशुद्ध असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजाशये काढण्यात आली. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही, रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर तो शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. उपचारासाठीही हा दंडक असेल, तर शिकवणीसाठी तो अधिकच लागू व्हायला हवा.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२४ मध्ये रुग्णालयांना याबाबत स्पष्ट सूचना दिल्या. स्तन, ओटीपोट, प्रोस्टेट आणि गुदद्वार यांची भुलीखालील तपासणी विद्यार्थी करणार असतील, तर तसे आधी सांगून लेखी संमती घ्यायला हवी. आपल्याकडे त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संमतीपत्रात मराठीत एक वेगळी ओळ आणि तिच्यापुढे 'हो' किंवा 'नाही' एवढे पुरे. 'नाही' म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही, हेही तिथेच लिहिलेले असावे. आणि हे सारे विचारायचे ते वॉर्डात, रुग्ण पूर्ण जागा असताना. शस्त्रक्रियागृहाच्या दारात, स्ट्रेचरवर नव्हे.

उपचार स्वस्तात मिळतात म्हणून 'नाही' म्हणायला गरिबाची जीभ रेटत नाही. म्हणूनच विचारण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. समजावून विचारले तर अनेक जण आनंदाने 'हो' म्हणतील. रुग्णाला माणूस मानण्याचा पहिला धडा विद्यार्थ्यांनाही त्यातूनच मिळेल.